पेशी मागून चावत नाहीत

मनुष्याच्या देहात जन्मापासून मरणापर्यंत एक युद्ध अखंड चालू असतं, आणि आपलं कोण व परकं कोण हे ज्याला कळलं त्याला जीवनाचं रहस्य कळलं. हे वाक्य ज्या संशोधकाने आपल्या प्रकल्पाच्या पहिल्या पानावर लिहिलं, त्याच्या डाव्या अंगठ्याचा लचका त्याच सकाळी एका उंदराने तोडला होता. उंदराला भिंतीवर आपटण्याच्या नादात त्याचं स्वतःचं कोपर फ्रीजच्या कडेवर आदळून टम्म सुजलं होतं, आणि उंदीर पळाला होता. रहस्य त्याला कळलं होतं, असं निदान त्या दिवशी तरी म्हणवत नव्हतं.

संस्थेत त्याला मोठा जावई म्हणत. संस्था कोणाच्या सासऱ्याची नव्हती. पण त्याच इमारतीत एक मजला खाली त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवराही संशोधक होता, आणि एका इमारतीत दोन साडू म्हटल्यावर त्यांची खरी नावं लक्षात ठेवण्याची तसदी कोणी घेत नाही. तो धाकटा जावई. दोघांचे विषय एकमेकांना चिकटून होते. मोठा स्टेम सेलचा माणूस. हाडातल्या मगजात ज्या मूळपेशी असतात, ज्यांनी मोठेपणी काय व्हायचं हे अजून ठरवलेलं नसतं, त्या काढायच्या, बशीत वाढवायच्या आणि आजारी शरीरात सोडायच्या, हे त्याचं काम. धाकटा इम्युनॉलॉजीचा. शरीर परक्या पेशीला कसं ओळखतं आणि ओळखल्यावर कसं ठार मारतं, हा त्याचा अभ्यास. घरी जेवताना तो याच विषयावर बोलायचा, आणि बोलता बोलता त्याची भूक वाढायची.

फरक एवढाच की धाकटा नोकरीत कायम होता आणि मोठा पन्नाशीला टेकूनही तात्पुरता. मूळपेशींबद्दल त्याला जो जिव्हाळा वाटायचा त्यामागे हेही एक कारण असावं. मुदत वाढवून वाढवून संचालक बाई कंटाळल्या होत्या. त्यांनी त्याला बोलावून स्वच्छ सांगितलं.

"समिती येणार आहे. तुमचे उंदीर त्यांना धडधाकट दिसले तर तुम्हाला कायम करते. नाही दिसले, तर पेशींची खोली तुमच्या साडूंना, आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली."

"बाई, त्यापेक्षा मला काढून टाका."

"ते नियमात बसत नाही."

पेशींची खोली म्हणजे दोन इन्क्युबेटर, काचेचा पडदा असलेलं एक टेबल, द्रव नायट्रोजनचं एक पिंप आणि बाहेरच्या पार्किंगकडे उघडणारी खिडकी. मोठ्याने आयुष्याची उमेदीची सगळी वर्षं त्या खोलीत घालवली होती. धाकट्याच्या हाताखाली जाणं म्हणजे काय, हे त्याला नीट माहीत होतं, कारण धाकट्याच्या घरी जेवायला जाणं म्हणजे काय हे त्याला माहीत होतं.

प्रयोग असा होता. रक्ताचा कर्करोग झाला की रोग्याचा स्वतःचा मगज मारून टाकतात आणि दुसऱ्याचा देतात. कधी कधी हा पाहुणा मगज आत शिरून आजूबाजूला बघतो, त्याला सगळंच परकं दिसतं, आणि तो घरमालकालाच मारत सुटतो. आधी कातडी सोलतो, मग आतडं, मग यकृत. मोठ्याचं म्हणणं असं, की सोबत आपल्या मूळपेशी दिल्या तर त्या या पाहुण्याला आवरतील.

त्यासाठी दोन तऱ्हेचे उंदीर लागत. पाहुणा म्हणून साधा काळा. घरमालक म्हणून संकरित. त्याची आई साधी काळी, बाप तपकिरी, पण पोरं सगळी आईच्या रंगावर गेलेली. दिसायला दोघे सारखेच, फरक रक्तात. दोन्ही बाहेरच्या एका पैदास केंद्रातून यायचे. साध्या काळ्यांचा निकाल मोठा स्वतः लावी. शेपूट धरायची, मानेवर पेन्सिल आडवी दाबायची आणि एक झटका. कट्‌ असा आवाज आला की झालं. मग मांडीची हाडं दोन्ही टोकांना कापून सुईने मगज बाहेर उडवायचा, प्लीहा जाळीवर ठेवून सिरिंजच्या दट्ट्याने चेचायची, आणि तो लाल गाळ घरमालकांच्या शेपटीतल्या शिरेत टोचायचा. घरमालकांचा मगज त्याआधी किरणोत्साराच्या यंत्रात भाजून मारलेला असे. मग अर्ध्या घरमालकांना मूळपेशी आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. घरी जाऊन मोठा मांजरीला दूध घालायचा. माणूस मुळात प्रेमळ होता.

निकाल आला तो बघून संस्था हादरली. मिठाच्या पाण्याच्या पेट्यांत नुसता हाहाकार. पाठी सोललेल्या, शेपट्या कुरतडल्यासारख्या, एकाची शेपूट अर्धी लोंबत होती, दोघांच्या ढुंगणाचं मांस उघडं पडलं होतं, आणि रोज सकाळी एखादा कोपऱ्यात कडक होऊन पडलेला. मूळपेशींच्या पेट्यांत मात्र सगळे गुबगुबीत, तेल लावल्यासारखे चकचकीत, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपलेले. धाकट्याने दोन्हीकडच्या उंदरांचं रक्त तपासलं. घरमालकाच्या पेशीवर तपकिरी बापाची खूण असते; ती ज्या पेशीवर नाही ती पाहुण्याची, असा त्याचा हिशेब. त्याला एकाही उंदरात ती खूण सापडली नाही.

"पाहुणा शंभर टक्के बसलाय," तो वर येऊन म्हणाला. "शंभर टक्के मी आयुष्यात पाहिलं नव्हतं."

"माझ्या मूळपेशी आहेत त्या."

"मिठाच्या पाण्यातही शंभरच आहे."

"मग तुझं यंत्र चांगलं असेल," मोठा म्हणाला. तो मोठ्या मनाने बोलला होता.

लेख छापून आला. त्यावर आधी कोणाचं नाव, यावरून दोघांत सेंट्रिफ्यूजपाशी, म्हणजे नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रापाशी, बोलणं झालं आणि बोलण्याच्या ओघात धाकट्याने झाकण लावलं तेव्हा मोठ्याची दोन बोटं आत होती. नखं काळी पडून गळून गेली. मोठ्याने त्याची भरपाई धाकट्याच्या गाडीचा आरसा लाथेने मोडून केली, आणि रविवारी दोन्ही कुटुंबं ठरल्याप्रमाणे मोठ्याकडे जेवायला जमली.

जेवताना धाकटा बराच वेळ गप्प होता. हे त्याच्या स्वभावाला धरून नव्हतं. मोठ्याच्या बायकोने, म्हणजे थोरलीने, त्याच्या ताटात वाढता वाढता विचारलं, "बरं नाहीये का?"

"बरा आहे. साडूभाऊ, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावणार," मोठा म्हणाला.

"बरं. तर त्या मिठाच्या पाण्याच्या उंदरांच्या जखमा कुठे होत्या? पाठीवर, शेपटीवर, ढुंगणावर. पाहुण्याने कातडी सोलली असती तर ती कानाजवळ, पोटावर, पायांवर, सगळीकडे सोलली असती. या सगळ्या जखमा पळणाऱ्याच्या आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे पेशी मागून चावत नाहीत."

धाकट्याची बायको, म्हणजे धाकटी, हात धुवायला उठली होती, ती दारात थांबली. "अहो, जेवताना ढुंगण नको म्हणून किती वेळा सांगायचं?"

"दोन मिनिटं. साडूभाऊ, पेट्यांत उंदीर भरले कसे तुम्ही?"

मोठ्याला हा प्रश्न आवडला. त्याबाबतीत तो काटेकोर होता. त्याने ताट बाजूला सारून सांगितलं, की केंद्रातून उंदीर येतात ते एका आईची पिल्लं एका पेटीत, असे येतात. मूळपेशी नायट्रोजनमधून काढल्या की पटापट मरतात, तेव्हा त्या ज्या पेट्या हाताशी आल्या त्यांतल्या उंदरांना तिथल्या तिथे टोचल्या. मिठाच्या पाण्याला घाई नसते. म्हणून त्या उंदरांची मात्र त्याने रीतसर सरमिसळ केली, चिठ्ठ्या टाकून. कोणाचा पक्षपात नको.

धाकट्याने पाण्याचा घोट गिळला. "म्हणजे मिठाच्या पाण्याचे सगळे एकमेकांना अनोळखी. वयात आलेले नर."

"हो. शास्त्रच आहे ते."

"आणि तुमच्या मूळपेशींचे सगळे एका आईचे. जन्मापासून एका पेटीत वाढलेले."

"मग?"

"मग काय, साडूभाऊ. अनोळखी नर एका पेटीत घातले की एकमेकांना फाडतात. हे कोणालाही विचारा. सख्खे भाऊ फाडत नाहीत. तुमच्या पेशींनी कोणाला आवरलं नाही. तिथे आवरण्यासारखं कोणी नव्हतंच."

मोठ्याने स्टीलचा पेला फेकला. नेम धाकट्याच्या कपाळाचा होता. लागला कपाटाच्या काचेला, आणि चेपला. काच खाली आली ती सरळ धाकट्याच्या पावलावर.

"अहो, तो सहाच्या सेटमधला होता," थोरली म्हणाली.

"यांच्या पायातून रक्त येतंय, ताई," धाकटी म्हणाली.

"दिसतंय. पण सेट पुन्हा मिळत नाही."

धाकट्याने पायातून काचेचा तुकडा उपटून ताटाच्या कडेला ठेवला, माशाचा काटा ठेवावा तसा. मग तो शांतपणे म्हणाला, "समितीसमोर करून बघू. तुमचे चकचकीत उंदीर वेगवेगळ्या पेट्यांतून एकेक काढायचे आणि एका पेटीत घालायचे. तुमच्या पेशी खऱ्या असतील तर उंदरांना काही होणार नाही. कसं?"

इथे शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. पण आपल्या उंदरांनी जे सोसलं ते पाहुण्याच्या हातून, आणि आपल्या पेशींनी बाकीच्यांना वाचवलं, यावर मोठ्याचा इतका विश्वास होता, की त्याला या आव्हानात स्वतःचा विजय दिसला. कायम नोकरी दिसली. धाकट्याचं तोंड पडलेलं दिसलं. तो म्हणाला, "समितीसमोरच. आणि हरलास तर आरसा भरून मागायचा नाही."

समितीत तिघे होते. एक निवृत्त सर्जन, एक आकडेशास्त्राची प्राध्यापिका, आणि एक गृहस्थ ज्यांचा विषय शेवटपर्यंत कळला नाही. सगळ्यांना निळे गाऊन, टोप्या आणि बुटांवर घालायच्या पिशव्या देऊन उंदरांच्या खोलीत आणलं. संचालक बाई दाराशी उभ्या राहिल्या. मोठ्याने मधल्या टेबलावर एक पारदर्शक पेटी ठेवली, खाली ताजा भुसा पसरला, आणि चकचकीत उंदीर वेगवेगळ्या पेट्यांतून शेपटीने उचलून एकेक आत सोडले. वर तारेचं झाकण बसवलं.

पहिली काही मिनिटं उंदीर एकमेकांना हुंगत होते. सर्जन म्हणाले, "छान तब्येती आहेत." मोठ्याने धाकट्याकडे बघून भुवई उचलली.

मग एका उंदराने भुशावर शेपूट खडखडवली. दुसऱ्याने पाठ फुगवली. आणि तिसऱ्याने, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं, शेजारच्याच्या मागच्या बाजूला दात रोवले ते सोडेचना. पेटीत काळ्या अंगांचा एकच गोळा झाला आणि गरगर फिरायला लागला. आवाज असा की दार करकरतंय असं वाटावं. रक्ताची पहिली रेघ पेटीच्या आतून उमटली, बरोबर प्राध्यापिकेच्या चेहऱ्यासमोर. एक उंदीर झाकणाच्या तारेला उलटा लटकला. खालच्याने त्याच्या वृषणाचा चावा घेऊन त्याला खाली ओढला. ज्याची शेपूट कोणी मुळापासून कुरतडली होती तो कोपऱ्यात उभा राहून पुढच्या दोन पायांनी हवेत वार करत होता, आणि त्याच्यावर आता सगळेच धावून गेले. मूळपेशी प्रत्येकाच्या अंगात होत्या.

"हे अपेक्षित आहे का?" ज्यांचा विषय माहीत नव्हता त्यांनी विचारलं.

मोठ्याने झाकण उघडून हात घातला. दोघांना वेगळं करायला गेला तर त्या दोघांनी मिळून त्याचा हात फोडला. त्याने हात झटकला, एक उंदीर उडून सर्जनच्या टोपीवर बसला, आणि धाकटा, ज्याने त्या क्षणी तोंड बंद ठेवायला हवं होतं, म्हणाला, "मागून चावले बघा. बरोबर मागून."

मोठ्याने तारेचं झाकण त्याच्या तोंडावर घातलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज झाला. तो आवाज मोठ्याच्या ओळखीचा होता, फक्त पेन्सिलीशिवाय पहिल्यांदाच आला. धाकटा मागे कोलमडला तो पेट्यांच्या मांडणीवर. मांडणी आडवी झाली. वरच्या ओळीतून पाण्याच्या बाटल्या, खाण्याच्या गोळ्या आणि साध्या काळ्यांचा अख्खा साठा खाली आला. धाकट्याने पडल्या पडल्या मोठ्याचा पाय ओढला आणि मांडीचा चावा घेतला. मोठा त्याच्या अंगावर पडला. दोघे ओल्या भुशात लोळत एकमेकांचे कान ओढत होते, उंदीर त्यांच्या अंगावरून पळत होते, आणि एकदा मोठ्याने धाकट्याचं डोकं धरून फरशीवर आपटलं तेव्हा मध्ये एक उंदीर आला होता. त्यामुळे धाकटा वाचला.

संचालक बाईंनी पेट्या धुण्याचा पाइप भिंतीवरून उतरवला आणि नळ पूर्ण उघडला. पाण्याचा जोर असा की मोठ्याचा चष्मा उडून गटाराच्या जाळीवर जाऊन बसला. दोघे वेगळे झाले.

"हे सगळं लिहून घ्यायचं होतं का?" प्राध्यापिकेने विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या.

अपघात विभागातल्या डॉक्टरने दोघांना शेजारी शेजारी बसवलं. तो तरुण होता आणि त्याला काम वाढवायचं नव्हतं.

"नाक कोणी फोडलं?"

"साडूंनी," धाकटा नाकातून बोलला, म्हणजे जेवढं नाक उरलं होतं तेवढ्यातून.

"आणि तुमच्या हाताचा चावा?" डॉक्टर मोठ्याकडे वळला.

"उंदीर."

"मांडीचा?"

"साडू."

डॉक्टरने दोन्ही चावे शेजारी धरून बघितले. "साडूंचा खोल आहे," असं म्हणून त्याने धनुर्वाताचं इंजेक्शन दोघांनाही दिलं.

बाहेर बाकावर दोघी बहिणी येऊन बसल्या होत्या. धाकटी म्हणाली, "ताई, भावोजींना सांग, हरलं की हरलं म्हणावं माणसाने." थोरलीने तिच्या कानशिलात वाजवली. धाकटीने पर्स फिरवली. पर्समध्ये पाण्याची भरलेली बाटली होती. मग थोरलीच्या ओठाला दोन टाके घालावे लागले आणि डॉक्टरने विचारलं, घरी आणखी कोणी यायचं आहे का.

निकाल ठरल्याप्रमाणे लागला. पेशींची खोली धाकट्याला मिळाली. दारावरची जुनी पाटी काढताना स्क्रू गंजलेले निघाले, म्हणून ती हातोड्याने तोडली. मोठा त्याच्या हाताखाली गेला. सकाळी आल्यावर तो स्वतःच्या जुन्या खुर्चीमागे उभा राहायचा आणि त्या खुर्चीत धाकटा नाकाला पट्टी लावून बसलेला असायचा.

"साडूभाऊ म्हणायचं नाही इथे," धाकट्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. "सर म्हणायचं. लोक ऐकतात."

"बरं, सर."

"आणि तुम्हाला मी काय म्हणू?"

"घरी म्हणतोस ते म्हण. लोक तेही ऐकतात."

मोठा काम करायचा, पण बशी धुताना हमखास फोडायचा. एकदा त्याने द्रव नायट्रोजनचा मग टेबलावर असा ठेवला की सरांच्या चपलेवर कलंडला. चपलेची पुढची पट्टी काचेसारखी तडकली. धाकट्यानेही मन मोकळं केलं. उंदीर मारायचं सगळं काम त्याने मोठ्याकडे दिलं आणि पेन्सिल वापरायला बंदी केली. हाताने, म्हणाला, सवय राहते.

याच सुमारास धाकट्याने नवा लेख लिहायला घेतला. मूळपेशींचा गुण म्हणून जे छापून आलं ते पेट्यांच्या भरण्यातली गफलत होती, असा त्याचा विषय. मोठ्याचं नाव त्यात चुकीचं उदाहरण म्हणून तीनदा येत होतं. नियतकालिकाने एक किरकोळ मागणी केली. प्रयोगातले घरमालक संकरित होते याची शेपटीवरून चाचणी करून जोडा. असल्या चाचण्या कोणी करत नाही, कारण त्यांचं उत्तर माहीत असतं. धाकट्याने ते काम मोठ्याला सांगितलं.

मेलेले घरमालक पिशव्यांत घालून फ्रीजरमध्ये ठेवलेले होते. मोठ्याने एकेक दगडासारखा उंदीर काढून शेपटीचा शेंडा कापला. तुकडे विरघळवून चाचणी लावली. संकरित असेल तर चित्रात दोन पट्टे येतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. साधा काळा असेल तर एकच.

एकच आला. सगळ्यांचा एकच.

मोठ्याने चाचणी पुन्हा केली, कारण स्वतःच्या हातांवर त्याचा आता विश्वास उरला नव्हता. पुन्हा एकच. तपकिरी बाप एकाच्याही अंगात नव्हता. त्याने चित्र नेऊन खुर्चीतल्या माणसापुढे ठेवलं.

"सर, हे बघा."

"चुकलात तुम्ही. परत करा."

"दोनदा केली."

"मग मी करतो." धाकट्याने स्वतः शेपट्या कापल्या, स्वतः चाचणी लावली, आणि चित्र उलटंसुलटं धरून बघितलं. नाकावरच्या पट्टीमुळे त्याचा चेहरा तसाही वाचता येत नव्हता.

"म्हणजे घरमालक म्हणून आपण जे घेतले ते साधे काळेच होते," मोठा म्हणाला. "पाहुणाही साधा काळा. साध्याचा मगज साध्याला. परकं कोणी नव्हतंच आत. पाहुण्याने कोणाला मारायचं?"

"हं."

"आणि तुझ्या शंभर टक्क्यांचं आता कळलं. तपकिरी बापाची खूण नाही ती पेशी पाहुण्याची. खूण कोणातच नव्हती, म्हणून सगळेच पाहुणे. काहीही टोचलं नसतं तरी शंभर आलं असतं."

धाकट्याने शेजारचं स्टूल उचललं आणि इन्क्युबेटरच्या दारावर घातलं. दार आत चेपलं, काच भुगा होऊन बशांवर सांडली. त्याने दुसऱ्यांदा उगारलं.

"सर, तो तुमच्याच खोलीतला आहे आता," मोठा म्हणाला.

धाकटा स्टूल खाली ठेवून त्यावरच बसला. त्याचा नवा लेख गेला होता, जुना लेख गेला होता, आणि शंभर टक्क्यांवर त्याने दिलेली भाषणं, ती सुद्धा. मोठा मात्र उभ्या जागी उजळत चालला होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याने खोलीकडे, पाहुण्याने बघावं तसं नव्हे तर मालकाने बघावं तसं बघितलं.

"माझ्या पेशी हरल्याच नाहीत," तो म्हणाला. "त्यांची अजून गाठच पडली नाही कोणाशी."

"बाईंना आधी मी सांगणार," धाकटा उठला.

दोघे एकदमच दारातून बाहेर पडले. जिन्यावर धाकट्याने मोठ्याला कोपर मारलं, मोठ्याने त्याचा कोट मागून ओढला, आणि वळणावर धाकट्याने पाय आडवा घातला. मोठा सात पायऱ्या खाली गेला आणि मनगट मोडून परत वर आला. बाईंच्या खोलीत तो डावा हात उजव्या हाताने धरून शिरला तेव्हा धाकटा अजून धापा टाकत होता, त्यामुळे सांगायचा मान मोठ्यालाच मिळाला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा मोठ्याच्या मनगटाकडे बघून त्यांनी टेबलावरचा पेपरवेट आपल्या बाजूला ओढून घेतला.

"म्हणजे प्रयोग झालाच नाही," त्या म्हणाल्या.

"झालाच नाही," मोठा म्हणाला. चेहरा वेदनेने पांढरा, पण डोळे चमकत होते. "बाई, खरे संकरित उंदीर मागवा. एकाच तऱ्हेने पेट्या भरतो. माझ्या पेशींनी पाहुण्याला आवरलं नाही, तर जन्मभर यांना सर म्हणेन. आवरलं तर कायम करा आणि खोली परत द्या."

"तुम्हाला काय म्हणायचंय?" बाईंनी धाकट्याला विचारलं.

"रक्त मी तपासणार," धाकटा म्हणाला. "आणि भरताना मी शेजारी उभा राहणार."

"हातात काही न धरता," बाई म्हणाल्या. "ठीक आहे. समितीला मी समजावते. आधीची अट कायम. तुमच्या पेशी चालल्या तर खोली तुमची."

मोठ्याने मोडलेल्या मनगटाचं भान न ठेवता नमस्कार केला आणि खुर्ची धरून खाली बसला. बाईंनी तिथल्या तिथे पैदास केंद्राला फोन लावला आणि तिघांना ऐकू यावं म्हणून स्पीकर चालू केला. पलीकडच्या बाईने मागणी ऐकून घेतली, थोडा वेळ कळफलक खडखडला, आणि मग ती म्हणाली, की तो संकरित वाण केंद्राने दोन वर्षांपूर्वीच बंद केला होता, तेव्हापासून त्या मागणीवर सगळ्या संस्थांना साधे काळेच जात होते, आणि आजवर एकाचीही तक्रार आलेली नव्हती.